दहा लाख तीन

अप्पांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा उजवा हात गेला, जीभ जड झाली, पण गणित शाबूत राहिलं. चाळीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेला माणूस, लातूरच्या घरात नुसता बसणार कसा? डाव्या हाताने पाटी घेतली आणि दहा लाखांच्या पुढची पहिली मूळ संख्या शोधायला बसले. मूळ म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग न जाणारी. डाळमिलचा भोंगा झाला की रोज एकच भागाकार. उतरवून ठेवायला वही.

दहा लाख एक सव्विसाव्या दिवशी तुटली, एकशे एकाने. दहा लाख दोन तर समच. मग दहा लाख तीन धरली. हजाराच्या आतल्या एकशे अडुसष्ट मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरे होतं. मी त्यांची मुलगी, दूर विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकवते; संगणकावर क्षणात पाहिलं, ती मूळच होती. पण अप्पांनी आधीच शपथ घातली होती, "सांगायचं न्हाई." रोज सकाळी फोनवर ते फक्त बाकी सांगायचे.

या संख्येच्या पंच्याण्णवाव्या दिवशी फोन आला. "गेला गं भाग. चारशे नव्व्याण्णवनं."

भाग जाणं शक्यच नव्हतं. पण मी परीक्षेच्या गडबडीत होते, आणि खरं सांगायचं तर त्यांची कीव आली. आजारी माणूस, कशाला दुखवायचं?

"तू बघितलंस का?" त्यांनी विचारलं.

"हाव अप्पा. बरोबर हाय."

मग म्हणाले, "मला लई वाटत होतं, ही टिकंल. आता नवी धरणं न्हाई होत."

दुसऱ्या दिवसापासून पाटी खुंटीला गेली. आई सांगायची, भोंगा झाला की भिंतीकडे तोंड करून पडतात. मी "आराम करू दे" म्हणायची. शहाणी ना मी! दीड महिन्यात अप्पा गेले.

दिवस झाल्यावर वही उघडली. चारशे नव्व्याण्णवला चाराने गुणून त्यांनी दोन हजार तीन लिहिलं होतं. एकोणीसशे शहाण्णव हवं होतं. बाकी सात उरत होती. पुढची सगळी पानं कोरी.

शाळेत अप्पांनी कोणत्याही पोराला "चुकलं" म्हटलं नाही. आकड्यावर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "परत मांड." लहानपणी मला तर एकाच गणिताला नऊ वेळा म्हणाले होते. मी रडले, चिडले, पाटी फेकली. त्यांनी ती उचलून पुन्हा माझ्या हातात दिली.

त्र्याहत्तर भागाकार राहिले होते. रोज एक करत मी संपवले. शेवटी नऊशे सत्त्याण्णवने भागलं, बारा उरले, आणि वहीत लिहिलं: मूळ. अप्पांचं बरोबर होतं, संख्या टिकली. मला त्यांना एकदा "परत मांडा" एवढंच म्हणायचं होतं, आणि ते मी म्हटलं नाही.