श्रावस्तीच्या कपाळावरचं गोंदण

आमची श्रावस्ती मुरुमला शाळेत चित्रकला शिकवते. मी तिचा बाप, एसटीतला निवृत्त कंडक्टर. चित्रातलं मला ओ की ठो कळत नाही. तरी दिवाळीच्या सुटीत ती आरसा समोर ठेवून स्वतःचाच चेहरा रंगवायला बसली, तेव्हा मी विचारलंच, की गावात दुसरं कुणी मिळालं नाही का? सोलापूरच्या प्रदर्शनात चित्रकलेच्या शिक्षकांनी आपलं चित्र आपणच काढून द्यायचं होतं. ती म्हणाली, गाव कुठलं, आडनाव काय, असं लोक सारखं उकरतात. आपण कुणाचे ते एकदा आपणच सांगून टाकावं.

चित्र झकास उतरलं. नाक माझं, हनुवटी तिच्या आईची. पण भुवयांच्या मधे हिरवट चंद्रकोर आणि खाली ठिपका. लेकीच्या कपाळावर असलं काही नाही. ते गोंदण माझ्या आईचं, भिमाबाईचं.

आई लहान असताना येरमाळ्याच्या जत्रेत येडाई देवीच्या नावानं ते गोंदलं. पुढं छप्पन साली तिच्या वडलांनी धम्म स्वीकारला, देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले. गोंदण तेवढं राहिलं. मेल्यावर बाईबरोबर फक्त गोंदणच जातं, असं बाया कौतुकानं म्हणतात. आई ते ऐकून उठून जायची. विहारात वंदनेला बसताना ती पदर पार भुवयांपर्यंत ओढते. जुनी बाई, पदर घ्यायचीच, असं आम्ही धरून चाललो.

श्रावस्तीला मात्र आजीचं कपाळ फार देखणं वाटायचं. आजी हो म्हणाली तरच चित्र पाठवायचं, असं तिनं ठरवलं होतं.

रंग अजून ओला होता. आई चित्रासमोर बसली आणि बघत राहिली. मला वाटलं, म्हातारी विरघळली.

"आमच्या कपाळी बळंच टोचलं," ती म्हणाली. "तू आपल्या हातानं का काढून घेतलंस, बाई?"

"तुझी नात हाय म्हणून," श्रावस्ती म्हणाली.

आईनं तिच्याजवळचं रंग पुसायचं टर्पेंटाइनचं फडकं उचललं आणि चित्रातलं कपाळ पुसलं. मी अडवायला उठलो, तर लेकीनं मलाच थांबवलं. चंद्रकोर फिसकटली, नुसता हिरवट डाग राहिला.

"निघालं की," आई म्हणाली.

मग तिनं पदर मागं सारला आणि तेच फडकं स्वतःच्या कपाळाला लावलं. घासलं. पुन्हा घासलं. कातडी लाल झाली, गोंदण होतं तिथंच. श्रावस्तीनं हळूच फडकं काढून घेतलं आणि आजीचं डोकं छातीशी धरलं. जन्मभर तो पदर मी रोज बघत आलो होतो.

संध्याकाळी श्रावस्ती पुसलेलं कपाळ नीट रंगवायला बसली, तेव्हा आईनं तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. हेच ने. पुसाय बघितलं व्हतं, ते दिसू दे लोकास्नी."