प्रतिपदेचा अनध्याय

आमच्या चामराजपेटच्या घरी पोर्तुगीजची संथा सुरू झाली ती सुनेमुळे. मुलगा कंपनीच्या कामासाठी लिस्बनला गेलेला होता. तिलाही तेथे पाठविण्यास कंपनी तयार होती. मात्र भाषेच्या तोंडी परीक्षेत उत्तीर्ण व्हावे लागणार होते. सोमवारची परीक्षा हुकली, तर पुढची संधी वर्षाने.

साहाय्यक क्रियापदे तिच्या जिभेवर ठरत नव्हती. मी म्हटले, धातू तो धातूच, घोकल्याने येईल. रोज पूजा आटोपली की आचमन करून मी पुस्तक घेऊन बसे. मी एकदा म्हणायचे, तिने दोनदा: ‘तेन्यु, तेंश, तें. सो, एश, ए.’ पहिला जवळ असण्याचा, दुसरा नुसत्या असण्याचा; असण्याला दोन निराळे धातू का, याचे तिला कोडे पडे. अस् आणि भू पाठ असलेल्या मला त्यात काही वावगे दिसले नाही. दूधवाल्याने एकदा कानडीत विचारले, “स्वामी, हे कोणत्या देवाचं?”

शनिवारी पंचांग पाहिले. रविवारी प्रतिपदा, म्हणजे अनध्याय. त्या तिथीला माझे गुरुजी पोथीला हात लावीत नसत. मीही कधी लावला नव्हता.

“उद्या पाठ नाही,” मी म्हटले.

“अण्णा, परवा टेस्ट आहे. आणि हा काय वेद आहे का?”

“वेद नव्हे. पण मी आचमन करून शिकवतो.”

“मग उद्या आचमन करू नका.”

पुस्तक मी फळीवरच ठेवले. सकाळी ती घुश्शात स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने आतून हाक आली, “तें साल?” मीठ आहे का, असे ती विचारीत होती, ते तिच्या हाताशीच असणार. मी म्हटले, “तें.” बोलणे म्हणजे अध्ययन नव्हे, असा मी मनाशी निर्णय केला.

दिवसभर मग छत्री, चावी, शेजारी घरी आहेत की नाहीत, सारे पोर्तुगीजमध्ये झाले. चुका माझ्याच अधिक. “अण्णा, तुम्ही स्वतःला ‘तो’ म्हणताय,” ती हसून सांगे. पुस्तकात ‘मी’ आधी असला, तरी संस्कृताच्या सवयीने माझ्या तोंडी पहिले ‘तो’चेच रूप येई.

सोमवारी संध्याकाळी ती आली आणि प्रथम पाया पडली.

“रूपं कोणी विचारलीच नाहीत. घरी कोण असतं, ते काय करतात, एवढंच. मी तुमच्याबद्दलच बोलत राहिले. पुढच्या महिन्यात जायचंय.”

मुलाला कळवायला आम्ही कोपऱ्यावरच्या आयएसडी बूथकडे निघालो. वाटेत मी विचारले, “माझ्याविषयी काय सांगितलेस?”

“चांगलंच. वाईट सांगायला भूतकाळ लागला असता, तो आपला अजून व्हायचाय.”