मागच्या खोलीतली मावशी

तुमच्या नव्या टीव्हीत शिसं नाही, असं खोक्यावर छापलेलं वाचून बरं वाटलं ना? मग ते शिसं गेलं कुठं, हे कधी विचारलंत?

मी सांगतो. शिसंबंदीचा कायदा आला आणि एका इलेक्ट्रॉनिक्स कारखान्याच्या मोठ्या हॉलमधून सर्किटांचे सांधे जोडायची शिशाची सोल्डर-तार हद्दपार झाली. क्षेपणास्त्रांच्या सर्किटांना मात्र त्याच कायद्यानं सूट दिली. ते काम मागच्या खोलीत गेलं, आणि कामामागं सांधे जोडणारी मावशी. तिच्यासारखा लखलखीत सांधा दुसऱ्या कुणाला जमतच नव्हता. नऊ वर्षं ती तिथं एकटी. डबाही एकटीच खायची. हॉलमधल्या बायका लांबूनच ओरडायच्या, "मावशी, हात धुऊन या हं!" आणि खिदळायच्या. तीही हसून घ्यायची.

लेकीला मुलगी झाली आणि ते हसू आटलं. दोन्ही हात गुंतले की तार दातांत धरायची, ही आईची खोड लेकीला पक्की ठाऊक. तिनं मावशीला दारातच अडवलं.

"आई, राग मानू नकोस. आधी रक्तात शिसं नसल्याचा रिपोर्ट आण, मग घे हिला."

"अगं, तुला याच हातांनी वाढवलं ना!"

"तेव्हा कुणाला काय कळत होतं?"

मावशी आल्या पावली परतली. पण रिपोर्ट देणार कोण? कारखान्याचा डॉक्टर म्हणाला, "शिसं बंद, म्हणून तपासणीही बंद." बाहेरच्या लॅबवाल्यानं कंपनीचं पत्र मागितलं. साहेब पत्र देईना. दिलं की मागच्या खोलीत शिसं असल्याचं कबूल केल्यासारखं!

मग पर्यावरण खात्याचा इन्स्पेक्टर आला. मावशी सकाळपासून बाही वर करून खोलीच्या दारात उभी. त्यानं हॉल पाहिला, सह्या ठोकल्या, चहा ढोसला आणि तिच्यासमोरून चालू पडला.

"साहेब, ही खोली राहिली."

"तिला सूट आहे, बाई."

"खोलीला असेल. माझ्या रक्तालाही आहे का?"

तो घड्याळ बघत निघून गेला. मावशीनं बाही खाली घेतली, दार ओढलं आणि सोल्डरिंगचं आयर्न तापत ठेवलं.

नात आता रांगते म्हणे. मावशी फोनवर तिचे हुंकार ऐकते.

तुम्ही चार बुकं शिकलेली माणसं. त्या खात्याला आजच अर्ज करा: मागच्या खोलीतल्या बाईचं रक्त तपासा. आणि खाली स्वतःची सही करा.