उंबऱ्यावरची सहा टोकं

भूतबीत, करणी... असल्या गोष्टींना मी कधी भीक घातली नाही. शाळेत इतिहास शिकवते, पुरावा मागायची सवय आहे. पण काल या ग्रुपवर कुणीतरी षट्कोनी चांदणीबद्दल लिहिलंय — 'बाहेरची अशुभ खूण, दिसली की खरवडून टाका'. वाचून डोकंच फिरलं! आमच्याकडे नेमकं तेच झालंय, म्हणून लिहिते.

धारूरजवळ डोंगराच्या अंगाला माझ्या सासऱ्यांचा मेंढ्यांचा वाडा आहे. दाराशी उंबऱ्याचा काळा दगड, त्यावर कोरलेले एकमेकांत अडकलेले दोन त्रिकोण. वर टोक तो शिव, खाली टोक ती शक्ती, असं म्हणतात. हीच खूण जुन्या देवळांवर आहे, सुलतानांच्या किल्ल्यांच्या दरवाजांवरही आहे. कुणा एकाच्या बापाची नाही ती! मामंजी रोज दिवस मावळताना ओल्या गेरूचं बोट तिच्यावरून फिरवतात, मगच मेंढरं आत.

माझ्या दिरानं असलाच एक मेसेज वाचून सरळ ग्राइंडर लावला अन् दगड सपाट केला. मी ओरडले, "भावजी, थांबा! मामंजींना विचारा तरी!"

"वैनी, तुमचं पुस्तक ऱ्हाऊ द्या."

संध्याकाळी मेंढरं दारापाशी येऊन थांबली. एकही आत जाईना. हाकललं, ओढलं, पाला दाखवला... न्हाईच. निम्मी गाभण, त्यात लांडग्याचं भ्या. पंचाहत्तरीचे मामंजी काठी घेऊन त्यांच्याजवळ उघड्यावर बसले.

"कावून पुसलं बे? त्यानं तुझं काय घोडं मारलं हुतं?" एवढंच बोलले.

दगडाला मशीनचा वास लागला असेल, असं भावजी म्हणाले. मलाही पटलं, खोटं कशाला सांगू. म्हणून सकाळी नवा दगड बसवायला आम्ही पहारीनं जुना उपटला. तो उलटा पडला.

खालच्या अंगालाही तीच खूण. आणि रेघांत गेरू... ओला! मी बोट लावलं, लाल झालं. मामंजींच्या आजानं रोवलेला दगड, तेव्हापासून कुणी हलवला नव्हता.

मामंजींनी ग्राइंडर उचलून लेकाच्या हातात दिला. "घे. आता हेबी पुस."

भावजींनी ग्राइंडर खाली ठेवला. त्यांनी तीच बाजू वर करून दगड परत बसवला. मेंढरं आपल्या पायांनी आत गेली.

माती असेल, झिरपलं असेल... लिहा, खुशाल लिहा! झिरपून सहा टोकं नेमकी भरतात होय? माझ्याकडे उत्तर नाही, कबूल आहे. पण खरवडायला सांगणाऱ्यांनो, तुमच्याकडे तरी आहे का?