सोऱ्या समजून आणलेलं मशीन

गराज सेलमध्ये जुन्या सामानाच्या टेबलावर ते दिसलं आणि मी मनात म्हटलं, सोऱ्या! चांगलं बिडाचं, ओट्याला बोल्टने आवळून बसवायचं, बाजूला लांब हँडल, आणि मागे उभं नळकांडं, त्यात वरून फिरवत खाली आणायचा दट्ट्या. कुण्या इटालियन बाईने शेवयांसाठी घेतला असणार, असा निकाल मी तिथल्या तिथे लावून टाकला. दिवाळी तोंडावर आली होती आणि हातसोऱ्याने चकल्या पाडून माझे तळवे दरवर्षी सोलवटून निघायचे. विकणाऱ्या आजी आमच्यापासून दोनच घरं पलीकडे राहायच्या. "हे चालतं का?" मी विचारलं. "अजिबात नाही," त्या हसत म्हणाल्या. तरीही मी ते पोटाशी धरून घरी आणलं.

नळकांडं उघडलं तर आत तपकिरी मेण दगडासारखं घट्ट बसलेलं, आणि त्याला मधाचा वास. शेवयांना मधाचा वास कुठून येणार? माझा नवरा पुण्याचा, कम्प्युटरवाला. त्याने बिडावर उठवलेली अक्षरं वाचून इंटरनेटवर शोधाशोध केली आणि पांढराफटक पडला.

"अगं, हे गोळ्यांचं मशीन आहे! बंदुकीच्या गोळ्या! यार, आपली ग्रीन कार्डची प्रोसेस चालू आहे आणि तू हे किचनमध्ये ठेवलंयस?"

मशीनचं काम साधं होतं. शिशाची ओतलेली गोळी त्यात ठेवून हँडल दाबायचं. साच्यातून खाली जाताना गोळी नेमक्या मापाची होते आणि तिच्या अंगावरच्या खाचांमध्ये वंगण भरतं. ते मेण म्हणजे ते वंगण. मी पोट धरून हसले. नवरा हसला नाही. त्याने कुणाकुणाला विचारून खात्री करून घेतली, की आमच्या व्हिसावर मशीन ठेवलं तर चालतं, पण गोळी, मग ती नुसती शिशाची का असेना, जवळ बाळगायची नाही.

शॉमबर्ग या अमेरिकन गावातलं ते माझं दुसरं वर्ष. नागपूरला मी एका कारखान्याच्या साचे-हत्यारं घडवणाऱ्या टूलरूममध्ये मेकॅनिकल इंजिनियर होते. इथे मी नवऱ्याच्या व्हिसावर आले होते, म्हणजे राहायला परवानगी, कामाला नाही. कारखान्याने मोठ्या मनाने बिनपगारी रजा दिली होती. ती मार्चअखेर संपणार होती. परत यायचं की राजीनामा द्यायचा, ते तेव्हा सांगायचं होतं. नवऱ्याला विचारलं की तो एकच म्हणायचा, "तू ठरव." त्या दोन शब्दांची मला मनस्वी चीड यायची. अरे, थांब म्हण, नाहीतर जा म्हण! इथे राहून माझ्या हातातलं कसब जाईल, मी कधी इंजिनियर होते हे मलाच आठवणार नाही, ही भीती मला खात होती. आणि तिकडे गेले तर हा इथे एकटा. मी शेवटी मार्चचं तिकीट काढायला सांगितलं आणि त्याने ते निमूट काढलं.

मशीन परत करायला गेले, तेव्हा आजींच्या यजमानांची भेट झाली. ते क्लबमध्ये जाऊन कागदी लक्ष्यावर नेम धरायचे, तोच त्यांचा म्हातारपणचा विरंगुळा. गोळी एका बाजूने सोलून निघू लागली तशी त्यांनी मशीन बाजूला टाकलं, त्याला दोन हिवाळे झाले होते. "भंगारात दे," ते म्हणाले.

"मी दुरुस्त करते," मी म्हणाले. "मी मेकॅनिकल इंजिनियर आहे." एवढ्या दिवसांत हे वाक्य कुणाला म्हणून दाखवलं नव्हतं. म्हटल्यावर बरं वाटलं.

मग आमच्या गराजमध्ये माझा कारभार सुरू झाला. हेअर ड्रायरने मेण मऊ करून काढलं. एकेक भाग सुटा करून रॉकेलमध्ये भिजत घातला. साच्याला बारीक भोकं होती, त्यांतून वंगण यायचं. ती साडीच्या पिनेने मोकळी केली. दट्ट्याची रबरी रिंग वाळून तडकली होती, ती बदलली. नवरा दारात उभा राहून नाकाला रुमाल लावून बघायचा आणि चहा ठेवून जायचा.

मशीन जुळलं, पण तपासायचं कसं? गोळी घरात आणायची नाही. मी फ्रिजमधून गाजर काढलं, त्याचे पेराएवढे तुकडे सुरीने गोल तासले आणि साच्यातून दाबले. तुकडा खाली आला तो एका बाजूने सोललेला. आजोबांची गोळी अशीच सोलत होती! हँडलच्या जोडातली पिन झिजली होती, त्यामुळे वरून दाबणारा दांडा तिरका उतरत होता. दुकानात मिळणारा कुठलाच बोल्ट तिथे बसेना. नेमक्या मापाची पिन लेथवर धातू कातूनच काढावी लागणार होती. त्या दिवशी आम्ही नुसती उरलेल्या गाजरांची कोशिंबीर खाल्ली.

जवळच्या कम्युनिटी कॉलेजात मशीन शॉपचा, म्हणजे धातूकामाचा, वर्ग होता. शिकायला व्हिसाची आडकाठी नव्हती. जानेवारीत मी नाव घातलं. लेथसमोर उभी राहिले आणि पहिलीच पिन मी मापापेक्षा बारीक करून वाया घालवली. गाडीत बसून मनसोक्त रडले. पुढच्या आठवड्यात दुसरी पिन काढली. मायक्रोमीटर लावला तर माप तंतोतंत. शिकवणाऱ्या बाईंनी पिन हातात घेतली, माझ्याकडे पाहिलं. "तू विद्यार्थिनी नाहीस," त्या म्हणाल्या, "विद्यापीठात एम.एस.ला अर्ज कर. शिफारस मी करते. त्यानंतर तुझी स्वतःची नोकरी, स्वतःचा व्हिसा." मी नुसती मान डोलावली. घरी काही बोलले नाही. पिन बसवल्यावर मशीन नीट चालतं का ते आधी बघायचं होतं. एका पिनेवर काय ठरवायचं, असं कुणी म्हणेल. पण मला माझ्या हाताचा भरवसा हवा होता.

मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी मशीन आजोबांच्या कामाच्या टेबलाला आवळून बसवलं. मी हात पाठीशी बांधून दूर उभी राहिले, गोळीला बोटही लावायचं नाही म्हणून. त्यांनी शिशाची गोळी ठेवली, हँडल खाली ओढलं, वर केलं. गोळी बाहेर आली. त्यांनी ती उजेडात धरून गोल गोल फिरवली. कुठेच सोललेली नव्हती आणि प्रत्येक खाच वंगणाने काठोकाठ भरली होती. त्यांनी दुसरी ठेवली. मग तिसरी. मग ते मला विसरूनच गेले आणि एकामागून एक काढत सुटले. मला इतका आनंद झाला, की मी त्यांना न सांगताच निघाले.

घरी नवरा पोहे करत होता.

"तिकीट कॅन्सल कर," मी म्हणाले. "मी एम.एस.ला अर्ज करतेय. मी राहतेय."

त्याने गॅस बंद केला. पोह्यांवर झाकण ठेवलं.

"दोन कॅन्सल करावी लागतील," तो म्हणाला. "मी माझंही काढलं होतं. पुण्याच्या ऑफिसात जागा आहे, विचारून ठेवलं होतं."

ग्रीन कार्डसाठी मशीनला घाबरणारा हा माणूस! "हे तू मला आत्ता सांगतोस?" मी ओरडलेच.

"आधी सांगितलं असतं," तो म्हणाला, "तर माझं ग्रीन कार्ड जाऊ नये म्हणून तू माझ्यासाठी थांबली असतीस."