स्वखुशीचं पत्र
शेजारी कुणी मिरच्या भाजल्या की ठसका लागायच्या आधी मला सुपरमार्केटची ती गारठलेली केबिन आठवते. आमचा घरगुती कांदा-लसूण मसाला त्यांच्या नाशिकमधल्या दुकानांत जायचा. खरेदी बघणारे साहेब आईला म्हणाले, "दिवाळीत एकावर एक फ्री. फ्रीचं पाकीट तुमच्याकडून." "साहेब, यात मिरचीसुद्धा सुटत नाय हो," आई म्हणाली. त्यांनी हसत कोरा कागद पुढे सरकवला. "मग माल परत न्या. ठेवायचा असेल तर लिहून द्या, ही सवलत स्वखुशीने देतोय." आईची बोटं मसाल्यानं लाल झालेली, कागदाला डाग पडेल म्हणून तिनं पेन माझ्याकडे दिलं. मी सवयीनं वर 'श्री' काढला आणि ते सांगतील तसं सुवाच्य अक्षरात लिहिलं. आईनं सही केली. पुढच्या सणाला पुन्हा तीच मागणी आली, तेव्हा मोठ्या दुकानदाराच्या अशा जबरदस्तीविरुद्ध स्पर्धा कायद्याखाली तक्रार करावी म्हणून आम्ही वकिलांकडे गेलो. त्यांनी पत्राची झेरॉक्स वाचली आणि विचारलं, "तक्रार कुणाविरुद्ध करायची? तुमच्याच खुशीविरुद्ध?" आई अजूनही मला त्या पत्राबद्दल एक शब्द बोलत नाही. फक्त बँकेचा फॉर्मसुद्धा आता चष्मा लावून स्वतः भरते, पेन माझ्याकडे देत नाही.