लायसनबाय आणि पाण्याखालचे खडक

लायसनबाय गिऱ्हाईक परत पाठवायची. बोईसरला स्टेशनापासून जरा आत तिचं एका शटरचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. कोणी आत येऊन नक्कल केलेली सिस्टीम टाकून दे म्हणालं, की ती हातातलं काम खाली ठेवायची, हसायची आणि म्हणायची, "ते मी टाकत नाय. चहा घेणार?" माणूस चहा पिऊन शेजारच्या दुकानात जायचा. शेजारचे म्हणायचे, ही बाई चार महिन्यांत शटर पाडणार. ती त्यानंतर कैक वर्षं तिथंच बसली. खरं नाव पाटीवर होतं, पण आमच्या किनाऱ्यावर तिला लायसनबायच म्हणत. ते नाव मी पाडलं, आणि रागानं पाडलं.

मी तारापूरच्या बाजूचा. तिसरी शिकलो आणि बापाच्या होडीत बसलो. पुढं चाळीस वर्षं तांडेल म्हणून स्वतःची बोट चालवली. आमच्या समुद्रात पाण्याखाली खडक आहेत. वरून दिसत नाहीत, जाळं मात्र टराटरा फाडतात. माझ्या बापानं प्रत्येकाला नाव दिलं होतं, आणि किनाऱ्यावरचं कुठलं झाड कुठल्या देवळाच्या सरळ रेषेत आलं की कुठला खडक होडीच्या पोटाखाली येतो, ते मला तोंडपाठ करून घेतलं होतं. एका मोसमात माझा पुतण्या धनेश अशाच एका खडकावर नवं कोरं जाळं घालवून आला. त्याला तो खडक ठाऊक नव्हता, कारण मी सांगितलाच नव्हता. मला वाटायचं, विचारायला येईल. त्याला वाटायचं, काका सांगतील. त्या दिवशी ठरवलं की मरायच्या आधी सगळे खडक लिहून ठेवायचे.

वहीत लिहून पाहिलं. पण माझं अक्षर असं, की दुसऱ्या दिवशी मलाच लागेना. म्हणून एका कारखान्यानं मोडीत काढलेला कॉम्प्युटर घेतला. विकणाऱ्यानं आत सिस्टीम टाकून दिली होती. थोड्या दिवसांनी पडदा काळा झाला आणि कोपऱ्यात इंग्रजी अक्षरं येऊन बसली, ती काही केल्या हलेनात. डबा गोणपाटात गुंडाळून रिक्षानं बोईसरला नेला आणि बाईला म्हणालो, मी तांडेल, आत खडक लिहायचेत, ती कोपऱ्यातली अक्षरं तेवढी पुसून दे.

तिनं डबा उघडलासुद्धा नाही. सिस्टीम चोरीची आहे, तिला लायसन नाही, अक्षरं तेच सांगतायत, म्हणाली. मी म्हणालो, मी कुणाची चोरी केली नाही, रोख देऊन घेतलाय. माझा आवाज चढला. तिचा चढला नाही.

"तांडेलकाका, तुमच्या बोटीवर नंबर हाय ना?"

"हाय तर."

"शेजाऱ्याच्या बोटीचा नंबर आपल्या बोटीवर रंगवून जाल समुद्रात?"

मी उठून निघून आलो. गावात येऊन सांगितलं, ती कसली दुरुस्तीवाली, ती तर लायसनबाय. नाव चिकटलं. चार दिवसांनी मीच पुन्हा गेलो, कारण शेजाऱ्याचा नंबर मी माझ्या बोटीवर कधीच रंगवला नसता.

यावेळी भाच्यानं मोबाइलवर काढून दिलेली एक जाहिरात बरोबर नेली होती. त्यात लायसन मच्छीच्या वाट्याएवढ्या भावात मिळत होतं. तिनं जाहिरात नीट वाचली आणि सांगितलं, ही लायसनची किल्ली, म्हणजे तो नंबर, आज लागेल, उद्या लागणार नाही, आणि मग हा विकणारा कुठं भेटणार ते त्याचं त्यालाच ठाऊक. मग मी चिडून म्हणालो, घाल तर मग सगळ्यात महागातली. तर तेही करेना. "तुमाला काय कंपनी चालवायची हाय? घरगुतीवाली घ्या, पक्कं बिल घ्या, बास." स्वतःच्या गिऱ्हाइकाला स्वस्ताकडं ओढणारा दुकानदार मी तोवर पाहिला नव्हता. फक्त एक विचारलं तिनं. ही स्वस्तातली एकाच भाषेत बसते, कुठली बसवू, मराठी की इंग्रजी?

दुकानात कारखान्यातली दोन पोरं बसली होती. त्यांच्यासमोर मराठी म्हणायची मला लाज वाटली. मी म्हणालो, "इंग्रजी. आमच्याकडं सगळ्यांची इंग्रजीच हाय."

तिनं माझ्याकडं क्षणभर पाहिलं आणि इंग्रजी बसवली. खडकांची यादी तरी मराठीत लिहिता यावी म्हणून की-बोर्डवर मराठी अक्षरांच्या चिकट्या लावून दिल्या. माझं बोट धरून एकदाही दाखवलं नाही. ही तिची दुसरी खोड. गिऱ्हाइकाच्या मशीनवर गिऱ्हाइकानंच बोट चालवायचं, ती हात मागं बांधून उभी राहणार. कोणी कुरकुरलं की म्हणायची, "मी तुमच्या घरी येणार नाय रोज."

पुढची तीन वर्षं मी एका बोटानं खडक लिहिले. कासवपाठ. तीन भाऊ. म्हातारीची चूल. आणि विहीण, कारण ती वरून शांत दिसते आणि खालून फाडते. माझी बायको म्हणायची, एवढं लक्ष कधी संसारात दिलं असतं तर. मी पडद्यावरची नजर हलवत नसे. खडक सुटतील ही भीती होती.

मग एका दुपारी पडदा निळा झाला, त्यावर इंग्रजी अक्षरं आली, काहीतरी गोल गोल फिरू लागलं आणि आतला पंखा असा घोंघावू लागला की मला माझं जुनं इंजिन आठवलं. बोटीवर शिकवण एकच. इंजिन तापून ओरडायला लागलं की आधी बंद कर, मग विचार कर. त्या शिकवणीनं मी दोनदा बोट वाचवली आहे. मी उठलो आणि वायर उपटली.

त्यानंतर कॉम्प्युटर चालू होईना. निळा व्हायचा, विझायचा, पुन्हा निळा व्हायचा. तीन वर्षांची यादी आत, आणि दुसरीकडं कुठंच नाही. बापाच्या तोंडून ऐकलेले काही खडक मी लिहून झाल्यावर डोक्यातून सोडूनही दिले होते. बायकोला काही न सांगता डबा पुन्हा गोणपाटात गुंडाळला आणि बोईसर गाठलं.

लायसनबायनं विचारलं, बंद पडायच्या आधी पडद्यावर काय लिहिलं होतं? मी म्हणालो, होतं कायतरी. बाकावरचा एक कामगार मध्येच बोलला, "चाचा, पढ़ा नहीं क्या?" तिनं त्याला तीन चहा आणायला धाडलं आणि तो लांब गेल्यावर म्हणाली, "आता सांगा."

मी सांगितलं. इंग्रजी येत नाही, कधी आलंच नाही.

ती अशी हसली की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मला राग यायला हवा होता. पण ती म्हणाली, "काका, मला तुमच्या बोटीतून भर समुद्रात नेलंत तर तारापूर कुठल्या अंगाला हाय तेबी मला कळणार नाय. पण मी विचारीन तरी." पडद्यावर लिहिलं होतं, अपडेट चालू आहे, संगणक बंद करू नका. पंखा ओरडतो तो कामात असतो म्हणून, आणि नेमका तेव्हाच मी त्याचा गळा दाबला होता.

यादी आहे की गेली, हे तिनं आधी सांगितलं नाही. खोटा धीर द्यायची तिला सवय नव्हती. तिनं आतली डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली. मग हात मागं बांधले आणि मला म्हणाली, उघडा. माझं बोट दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा पडद्यावर कासवपाठ आली. मी खालपर्यंत सरकवत गेलो आणि एकेक नाव मोठ्यानं वाचलं. विहिणीपाशी आलो तेव्हा ती आणि चहा घेऊन आलेला तो कामगार दोघंही हसत होते, आणि मीही.

मला धास्ती होती की आता नवं लायसन घ्यावं लागणार. ती म्हणाली, ते मशीनला लागलंय, कुठं जात नाही. यादी दुसरीकडं उतरवून घेतली, आणि मग सगळं पुसून तिनं माझ्याच हातानं मराठी सिस्टीम बसवून घेतली. अपडेटचं मात्र मी ठरवलं. भांगाच्या दिवसांत समुद्राची ओढ मंदावते, ओढीवर चालणारी आमची डोल जाळी तेव्हा घरी असतात, आणि माणसंही. अपडेट तेव्हाच करायचं, तोवर थोपवून ठेवायचं. आठवडाभर थोपवायची सोय मशीनमध्येच असते. तिला ही युक्ती इतकी आवडली, की आमच्या किनाऱ्यावरच्या सगळ्या गिऱ्हाइकांची अपडेटं तिनं भांगावर लावली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर भांगाच्या तिथींना गोल करून ठेवायची. ती उमरोळीची शेतकऱ्याची लेक, समुद्र लांबूनच पाहिलेली, पण भांग कधी ते आमच्या पोरांना सांगायची.

दोन वर्षांपूर्वी तिनं शटर खाली ओढलं. तिच्या लेकीनं नाशिकला असंच दुकान काढलं आणि आईला बोलावून घेतलं. निरोपाला मी सुके बोंबील नेले. ती म्हणाली, नाशिकपर्यंत गाडीच्या डब्यात माझ्या शेजारी कोणी बसणार नाय आता. मी म्हणालो, मग ऐसपैस जाशील.

यंदा धनेश समुद्रावरून आला आणि म्हणाला, "काका, एक खडक तुमच्या यादीत नाय." मी म्हणालो, माझ्या बापाला सापडला नाही तो तुला कुठून सापडला. दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्याच बोटीत बसून गेलो, दोरीला शिसं बांधून सोडलं. खडक होता.

घरी येऊन मशीनसमोर बसलो. यादी डहाणूच्या अंगाकडून सातपाटीकडं क्रमानं येते आणि नवा खडक बरोबर मधोमध. मधे कसा घालायचा ते मला येईना. नाशिकला फोन लावला आणि विचारलं. तिनं सांगितलं, वरच्या नावाच्या शेवटी जाऊन ते मोठं बटण एकदा दाबा, बघा काय होतं ते.

मी दाबलं. खालचे सगळे खडक एकेक ओळ खाली सरकले. माझ्या बापाच्या खडकांनी जागा करून दिली, आणि तिथं मी एका बोटानं लिहिलं, धनेशचा खडक.